कोचीत राहिलेली डावी

मित्रांनो, मी एक जुनी चप्पल आहे, आणि तीही फक्त उजवी. मुरबाडच्या बाजारात चपला शिवणाऱ्या चंदरमामांनी मला आणि डावीला एकाच कातड्यातून कापले. ताराबाईंच्या पायांचे माप त्यांनी आधी कागदावर पेन्सिलीने काढून घेतले होते. ताराबाई उजव्या पायावर जास्त भार देतात. त्यामुळे सात वर्षांत माझी टाच डावीपेक्षा जवळजवळ चार मिलिमीटर जास्त झिजली. बाकी आम्ही दोघी सारख्याच होतो.

ताराबाईंना कोचीतली एकच जागा पाहायची होती. त्यांचे यजमान राघो तरुणपणी ट्रकवर क्लिनर होते. कोचीच्या जुन्या बंदरात, गोदामामागे, एक दगडी जिना थेट पाण्यात उतरतो. माल उतरेपर्यंत राघो त्या जिन्यावर बसून जेवत. "तुला एकदा नेन तिथं," असे ते तीस वर्षे म्हणत राहिले, आणि न नेताच गेले.

गेल्या जानेवारीत मुलगा रितेश आणि सून कुणाली ताराबाईंना घेऊन निघाले. जुन्या शहरासाठी एकच दिवस होता. रितेशने मोबाइलमध्ये यादी केली होती : मासेमारीची मोठी जाळी, राजवाडा, मसाल्यांची गल्ली, चर्च. जिना परतीच्या वाटेवर पडत होता, म्हणून तो शेवटी.

दुपारी चर्चच्या दारात ताराबाई थांबल्या. डावीला त्यांनी पायरीशी काढले आणि मला वीस पावले दूर, खांबामागे.

"एक हितं, एक तिथं? असं का गो आये?" रितेशने विचारले.

"जोडी दिसली की चोर उचलतो. एकट्या चपलीचं तो काय करल?"

"ही आपल्या म्हसा गावची जत्रा नाय!"

"मानसं तर तेवढीच हायेत."

कुणाली हसली. "आई, हितं चपला घालूनच आत जातात."

"देवाच्या दारात? मी नाय जायची."

त्या अनवाणीच आत गेल्या. थोड्या वेळाने झाडूवाला आला. पायरीशी एकच जुनी चप्पल पडलेली पाहून कोणीही तिला कचराच समजेल. त्याची कचरागाडी माझ्या समोरून गेली. डावी कचऱ्याच्या ढिगावर वरच होती. मी ओरडू शकले नाही.

मग शोध सुरू झाला. सव्वा तास गेला. तापलेल्या फरशीवर ताराबाईंचे पाय भाजत होते. शेवटी रितेशने धावत जाऊन रबरी चपला आणल्या, पण तोवर परतीच्या गाडीची वेळ झाली होती.

"आये, जिना राहिला," तो खाली मान घालून म्हणाला.

"राहू दे रं. तुझ्या बापाला बी टाइम नाय गावला."

कुणालीने मला पिशवीत घालून घरी आणले. आता ताराबाईंचा गुडघा त्यांना जवळच्या शहापूरपर्यंतही जाऊ देत नाही. एकदा पडवीत बसून रितेशने नकाशावर अंतर मोजले आणि कुणालीला दाखवले. सकाळी आम्ही रिक्षातून उतरलो, तिथून तो जिना फक्त चारशे मीटरवर होता. आईला त्याने हे अजून सांगितलेले नाही.

मित्रांनो, घरातल्या कोणी सगळ्या शहरातून एकच जागा मागितली, तर ती यादीच्या शेवटी लिहू नका. राजवाडा नंतर बघा. आधी तिथे जा, आणि त्यांना हवा तितका वेळ बसू द्या.