हिरव्या पाटीला हरकत

दाखला मिळवायला सफुराला पाच महिने लागले आणि पाटी पेटवायला एक बोट पुरलं.

खारकोंडात कुणी दुसऱ्याच्या ओट्यावर जाळी वाळत घातली तर पंचायत ढुंकून बघत नाही. पण दिव्याची पाटी लावायची म्हटली की कागद सुरू होतात. किनारा जवळ, म्हणून एक कागद तालुक्याला जातो, तिथून परत येतो, मग त्यावर शिक्का नसतो म्हणून पुन्हा जातो. ग्रामसेवक गणराज पालीकडचा. माणूस सज्जन, पण कागदाला भिणारा. सफुराने त्याच्या कचेरीत इतके हेलपाटे घातले होते की तिथल्या पंख्याचा आवाज तिला पाठ झाला होता.

पाटी म्हणजे तिच्या घराच्या पहिल्या मजल्यावर, समुद्राच्या बाजूला लावलेलं सात फुटी नाव. ‘दर्या होमस्टे, घरगुती जेवण’. नवरा शारिक अकरा वर्षं मस्कतला. दोन खोल्या भरायला लागल्या तर त्याला कायमचं घरी बोलावता येईल, हा तिचा साधा हिशेब. पण तिचं घर गल्लीच्या आत होतं आणि संध्याकाळी वाळूवर फिरणारे पाहुणे पुढच्या रिसॉर्टचे दिवे बघून तिकडेच जात. तिला आधी लाल पाटी हवी होती. गणराज म्हणाला होता, “भाभी, लाल नको. लाल म्हणजे धोका वाटतो. हिरवा घ्या, शुभ दिसतो.” तिने हिरवा घेतला.

अर्जात शेवटी एक रकाना होता. ‘सदर प्रकाशामुळे कोणास अडथळा संभवतो काय?’ त्याखाली शेजाऱ्याची सही लागायची. शेजारी म्हणजे सासरा, अहमद. भिंतीला भिंत लागून त्याचं जुनं घर. वय सदुसष्ट, तरी एकटा होडी घेऊन जायचा, कारण घरात बसलं की गुडघे दुखतात असं त्याचं म्हणणं.

“अब्बा, अडथळा होईल का कुणाला?” तिने विचारलं होतं.

अहमद जाळ्याची गाठ मारत होता. त्याने मान वर करून भिंतीकडे बघितलं आणि हसला. “दिव्याचा कसला अडथळा? लिव, न्हाय म्हनून.” आणि खाली सही केली. मग पंधरा दिवस ती नोटीस पंचायतीच्या फळ्यावर लागली. साऱ्या खलाशांनी ती वाचली, एकदोघांनी सफुराला चहाही मागितला. हरकत कुणाचीच आली नाही. यायची तरी कशी? सगळे गावात उभे राहून वाचत होते.

ऑक्टोबरमधल्या एका गुरुवारी दुपारी दाखला हातात पडला. अहमद तेव्हा समुद्रात होता. सफुराने ठरवलं, आजच पेटवायची. अब्बा परत येतील तेव्हा सुनेचं नाव झळकताना बघतील. सासऱ्यावर तिचा जीव होता. शारिक गेल्यापासून घरात पुरुषमाणूस म्हणून तोच होता आणि तिने कधी काही करू नये असं तो एकदाही म्हणाला नव्हता.

संध्याकाळी पूर्वेला ढग गडगडले, चार थेंब पडले आणि अख्ख्या गावाची वीज गेली. गेली तर गेली. सफुराने वायरमनला सांगून एकटी पाटीच मुद्दाम इन्व्हर्टरवर घेतली होती. गाव अंधारात बुडालं तरी आपलं नाव दिसलं पाहिजे, हा तिचा हट्ट. सूर्यास्ताची, मगरिबची अजान भोंग्याशिवाय, बांगीसाहेबांच्या नुसत्या गळ्याने झाली. नमाज आटोपून, पुरता अंधार पडल्यावर तिने बटण दाबलं. हिरवा उजेड माडांच्या झावळ्यांवर पडला. पाटी खालून नीट दिसत नव्हती, म्हणून ती दार ओढून वाळूवर आली आणि मागे वळून बघितलं. काळ्या गावात तेवढं एकच नाव. तिला इतका आनंद झाला की हसू आवरेना.

वाळूवर वेणूबाई बसली होती. कोळीवाड्यातली म्हातारी. अहमदचे मासे तीच घ्यायची, म्हणून रोज टोपली घेऊन त्याची वाट बघत बसायची. तिची पाठ गावाकडे होती.

“वेणूमावशी, मागं बघा की.”

वेणूबाई सावकाश वळली. सफुरा कौतुकाची वाट बघत राहिली. म्हातारीने डोळ्यांवर हात धरला, तसा काही उपयोग नसताना.

“लाइट गेलीय ना गो?”

“व्हय. माझी इन्व्हर्टरवर हाय.”

“मंग मशिदीचा हिरवा बंद हाय.”

“सगळंच बंद हाय, मावशी.”

“बाय माझे,” वेणूबाई म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली. “तू काय केलंस हे?”

तिचा आवाज चढला नव्हता. म्हणूनच सफुराचं हसू मावळलं.

सफुराचं माहेर म्हसळ्याचं. समुद्र तिने लग्नानंतर रोज बघितला तो वाळूवरून. होडी अंधारात घरी कशी येते हे तिने कधी कुणाला विचारलं नव्हतं आणि कुणी आपणहून सांगितलंही नव्हतं, कारण जे जातात त्यांना ते सांगावं लागत नाही. वेणूबाईने सांगितलं ते घाईघाईत, धक्क्याकडे बोट दाखवत. धक्क्याच्या टोकाला सौर दिवा, पांढरा. तो कधी जात नाही. त्याच्या मागे, वर, मशिदीच्या मिनारावर हिरवा. बाहेरून येणारा खलाशी हिरवा पांढऱ्याच्या बरोब्बर डोक्यावर उभा करतो आणि सरळ येतो. तेवढीच वाट खोल. उत्तरेला कातळ, पाण्याच्या जेमतेम खाली, एका बैलगाडीच्या रस्त्याइतका जवळ.

“न् वीज गेली तर?”

“तर हिरवा दिसत न्हाय. हिरवा न्हाय तर कोन आत येत न्हाय. भायेर नांगर टाकायचा न् गप बसायचं. माजा सासरा तसाच बसायचा, नवरा तसाच बसला. अहमदभाय पन तसाच बसला असता.” ती पाटीकडे वळली. “आता त्याला हिरवा दिसतोय.”

सफुराने पाटीकडे बघितलं, मग धक्क्याकडे. मशीद तिच्या घरापासून दोनशे पावलं उत्तरेला. पाटी त्या पांढऱ्या दिव्यावर उभी करून कुणी आलं, तर त्याची वाट तिरकी होणार आणि कातळावरून जाणार. हे कळायला खलाशी असावं लागत नाही.

तिने फोन काढला. टॉवरही विजेबरोबर गेला होता. तसंही अहमदचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून डब्यात ठेवलेला असायचा, भिजू नये म्हणून.

“टॉर्च दाखवू?”

“उजेड दाखवला तर म्हनंल बोलवतायत.”

“मग विझवते,” म्हणून ती धावायला वळली आणि वेणूबाईने तिचा दंड धरला. त्याच वेळी तो आवाज आला. टक-टक-टक. अहमदच्या इंजिनाचा, एका नळकांड्याचा. गावातली पोरंसुद्धा तो ओळखतात. आवाज फार लांबचा नव्हता.

“तो आत शिरला,” वेणूबाई म्हणाली.

“सोडा मला.”

“ऐक. आता विझवलास तर तो मधीच आंधळा व्हनार. कातळ बाजूला असंल, खाली असंल, त्याला काय ठाव? लाट उचलून आपटंल.”

“आणि चालू ठेवला तर?”

वेणूबाईने दंड आणखी घट्ट धरला.

टक-टक-टक. सफुरा आयुष्यात इतकी कधी भ्यायली नव्हती. शारिकच्या कंपनीत आग लागली होती तेव्हाही नाही, लेक हफ्सा पोटात असताना रक्त गेलं होतं तेव्हाही नाही. तेव्हा जे व्हायचं ते देवाच्या हातात होतं. आता ते तिच्या बोटाखालच्या बटणात होतं आणि दोन्हीकडे मरण होतं, फक्त कुठल्या बाजूला जास्त ते तिला ठाऊक नव्हतं. शारिकला काय सांगणार? तुझ्या बापाला मी दिवा दाखवून बोलावलं, असं?

मग तिला वेणूबाईचंच वाक्य आठवलं. हिरवा नाही तर नांगर टाकायचा. विचार करायचा नाही, डोकं चालवायचं नाही, नुसता नांगर टाकायचा. पन्नास वर्षं अब्बांनी तेच केलं असेल. हातालाच सवय असेल.

“ते नांगर टाकतील,” ती म्हणाली.

“न्हाय टाकला तर?”

सफुराने दंड हिसकला आणि धावली. वाळूत एक चप्पल राहिली. गल्ली, ओटा, जिना. हफ्सा वरच्या खोलीत मेणबत्तीजवळ अभ्यास करत होती, तिने काहीतरी विचारलं. सफुराने बटण बंद केलं. विश्वास बसेना म्हणून वायरही उपटली. खिडकीबाहेर सगळं काळं झालं, समुद्र कुठे आणि गाव कुठे ते कळेना.

टक-टक-टक.

मग आवाज थांबला.

ती खिडकीचे गज धरून उभी राहिली. नांगर टाकायचा तर इंजिन बंद करावं लागतं. होडी आपटली तरी इंजिन बंदच पडतं. दोन्हीचा आवाज सारखाच, म्हणजे काहीच नाही. ती हफ्साला म्हणाली, मेणबत्ती विझव. हफ्साने विझवली आणि आईला येऊन चिकटली. खालून लाटांचा आवाज येत होता, बाकी काही नाही. सफुरा तोंडाने आयत पुटपुटत होती आणि मधेच विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती.

रात्रीची, इशाची अजानही भोंग्याशिवायच झाली. ती खाली वाळूवर गेली. वेणूबाई तिथेच होती. म्हातारीने तिची चप्पल शोधून ठेवली होती, ती पुढे सरकवली.

साडेआठच्या सुमारास वीज आली. गावभर दिवे लागले, कुणाचा तरी टीव्ही ओरडायला लागला आणि मिनारावर हिरवा दिवा उभा राहिला. सफुरा समुद्राकडे बघत होती. बराच वेळ काही झालं नाही. मग काळोखात कुणीतरी दोरी ओढून इंजिन चालू करायला बघतंय, असा खडखडाट झाला. एकदा. दोनदा. टक-टक-टक.

वेणूबाई मटकन वाळूत बसली आणि रडायला लागली.

अहमद किनाऱ्याला लागला तो संतापून. होडी ओढायच्या आधीच तो बोलायला लागला.

“त्या बांगीला उद्या बघतो मी. दिवा लावला, न् मी निम्म्यात आलो तर इझवला. ही काय मस्करी हाय? हात आपसूक नांगराकडं गेला म्हनून बरं.” तो थांबला. हाताच्या तळव्याकडे बघत राहिला. “सफुरा, नांगर टाकला तर दोरी पळालीच न्हाय. चार हात गेली न् नांगर दगडावर वाजला. चार हात पानी. मी कातळाच्या कडेवर कसा गेलो? हिरवा तर बरोब्बर डोक्यावर होता.”

वेणूबाईने मान खाली घातली. सांगायचं सफुरालाच होतं. तिने सांगितलं, एका दमात, त्याच्याकडे न बघता. दाखला आज मिळाला, मी पेटवली, तुम्हाला दाखवायची होती.

अहमद गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याने वळून गावाकडे बघितलं, मिनाराकडे, मग दोनशे पावलं दक्षिणेला तिच्या घराकडे, जिथे आता काळी पाटी नुसती टांगलेली होती. मग धक्क्याकडे. बोटाने हवेत एक रेघ ओढली आणि ती रेघ कुठे जाते ते बघितलं.

“मीच न्हाय म्हनालो होतो,” तो म्हणाला. “भिंतीकडं बघून.”

घरी तो जेवला नाही. सफुराही नाही.

सकाळी कचेरी उघडायच्या आधी दोघं पंचायतीच्या पायरीवर बसले होते. सफुराच्या हातात दाखला होता. पाटीला हरकत घ्यायचीय, एवढंच गणराजने कुलूप काढता काढता ऐकलं आणि गोंधळला.

“भाभी, काल तर दिलाय. आणि तुमच्याच पाटीला तुम्हीच कशी हरकत घेणार? अर्जदाराला घेता येत नाही. शेजाऱ्याने घ्यायची असते. त्याची मुदतही संपली.”

“शेजारी मी हाय,” अहमद म्हणाला. “सही माजी हाय. ती खोटी हाय असं लिवून द्यायचंय मला.”

“तसं नका बोलू, चाचा. पाटी बंद ठेवा, झालं. नाहीतर दुसऱ्या रंगाची लावा, गावाकडे तोंड करून. नवीन अर्ज देतो.”

“तो देऊ. पर आदी हे लिव. उद्या दुसरा कोनी येईल दिवा लावायला न् फळ्यावरची नोटीस आमी पुन्हा हितंच उभं राहून वाचू.”

गणराजने त्याच्याकडे बघितलं, मग सफुराकडे. तिचे डोळे रात्रभर जागून लाल झाले होते. त्याने खुर्ची ओढली, एक कोरा फॉर्म काढला आणि हरकत घेणाऱ्याच्या नावापुढे अहमदचं नाव लिहिलं. पुढचा रकाना कारणाचा होता.

“काय लिहू, चाचा?”

अहमदने पंख्याकडे बघितलं.

“लिव, पानी चार हात होतं.”

गणराजला काही उमगलं नाही, त्याचा हात तसाच थांबला. सफुराने त्याच्याकडून पेन घेतलं आणि त्या रकान्यात ते तसंच्या तसं लिहिलं.