मधल्या भिंतीचे ठोके

"गप्प. ऐक आता," मेव्हिस म्हणाली, आणि निखारे उकरायची सळई तिने चुलीच्या आतल्या विटेवर दोनदा आपटली. ठक, ठक.

क्लिफर्ड टोपी हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. ऑगस्टच्या थंडीतला वारा खिडकीच्या फटीतून शीळ घालत होता. बाकी काही नाही.

"आई, अगं..."

"गप्प म्हटलं ना."

आणि मग भिंतीच्या पोटातून, राखेखालून कुणी बोलावं तसं, उत्तर आलं. ठक, ठक. एक श्वास जाईल एवढं थांबून आणखी एक. ठक.

क्लिफर्ड दारातून एक पाऊल मागे सरला. भिंतीपलीकडच्या घरात डल्सी क्विल्टी राहायची. ईस्टरनंतर ती गेली. तिच्या पेटीला खांदा देणाऱ्यांत तो स्वतः होता. पलीकडच्या घराला कुलूप होतं आणि कुंपणापर्यंत गवत माजलं होतं.

"पॉसम असेल," तो म्हणाला. "धुराड्यात शिरतात ती मांजराएवढी जनावरं."

"हो का! दोनाला दोन देऊन वर एक आगाऊ देणारा पॉसम? शाळेत जात असेल बिचारा."

"थट्टा नको गं. गेल्या महिन्यात न्हाणीत पडलीस ती दूधवाला येईपर्यंत तशीच पडून होतीस. परवा किटली जळून काळी झाली. माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही तिकडे. खोली तयार आहे. कोन्चेत्ताने सासूसाठी म्हणून पडदेसुद्धा शिवले."

मेव्हिसने सळई चुलीच्या कडेला, विटेतल्या खाचेत टेकवली. इतकी वर्षं टेकवून टेकवून ती खाच तिथे आपोआप पडली होती.

"एक बोलते, ते ध्यानात ठेव. जोवर पलीकडून उत्तर येतंय, तोवर मी हलायची नाही. थांबलं, की त्याच दिवशी सामान बांधते."

"शब्द?"

"शब्द."

घराचं असं होतं. डेसीव्हिल वस्तीतली ती घरं जोडीजोडीने बांधलेली. एका छपराखाली दोन बिऱ्हाडं, मधे एक भिंत, आणि ती भिंत म्हणजे आरसाच. मेव्हिसचा नळ डाव्या हाताला तर डल्सीचा उजव्या. मेव्हिसच्या झोपायच्या खोलीत ऊन सकाळचं, डल्सीच्या खोलीत संध्याकाळचं. चुली मात्र पाठीला पाठ लावून एकाच धुराड्याला टेकलेल्या, भांडून बसलेल्या दोन बहिणींसारख्या. पोरी दोरीवरच्या उड्या मारताना म्हणायच्या,

अर्धं घर तुझं गं, अर्धं घर माझं,
मधल्या भिंतीला कुणाचं ओझं?

त्या उलट्या घराने सगळ्यांची फजिती केली होती. क्लिफर्ड लहान असताना शाळेतून तंद्रीत आला तो थेट डल्सीकडे, आणि वाडगाभर सूप पिऊन झाल्यावर म्हणाला, "आई, आज नळ तिकडे कसा गेला?" मेव्हिसचा नवरा आल्फ एकदा झुलत घरी आला आणि डल्सीच्या खाटेच्या कडेवर बसून बूट काढायला लागला. डल्सी कूससुद्धा न बदलता म्हणाली होती, "आल्फभाऊ, तुमची बायको भिंतीच्या पलीकडे. जाताना बूट न्या."

ठोके सुरू झाले आल्फ लढाईवर गेला तेव्हा. मेव्हिस इस्पितळाच्या धुलाईखान्यात इस्त्रीला जायची, डल्सी ट्रामवर तिकिटं फाडायची. दोघींना उजाडायच्या आत निघायचं. जी आधी उठेल तिने सळईने दोन ठोके द्यायचे, म्हणजे 'उठले गं'. दुसरीने दोन द्यायचे, 'मीही'. डल्सी त्यावर आणखी एक द्यायची. त्याचा अर्थ काय, ते तिने कधी सांगितलं नाही आणि मेव्हिसने विचारलं नाही. काही गोष्टी विचारल्या की विटतात. आल्फ परत आला, ट्राम बंद पडल्या, दोघींचे केस पिकले, ठोके चालूच राहिले. एकदा कुंपणावरच्या लिंबाच्या झाडावरून दोघींचं बिनसलं. फांद्या कुणी छाटल्या, लिंबं कुणाची, यावरून आख्खा हिवाळा त्या एकमेकींशी बोलल्या नाहीत. एक समोरून येताना दिसली की दुसरी रस्ता ओलांडायची. पण त्या हिवाळ्यातली एकही सकाळ बिनठोक्याची गेली नाही. आल्फ म्हणायचा, "तोंडं बंद, चुली बोलतायत."

डल्सी गेल्यावर चौथ्या दिवशी मेव्हिसचा हात सवयीने सळईकडे गेला. ठोके दिल्यावर तिला आपलीच लाज वाटली. आणि तेवढ्यात उत्तर आलं.

ती घाबरली नव्हती. चहा थंड होईपर्यंत नुसती बसून राहिली होती.

शब्द देऊन झाला त्या रविवारी क्लिफर्ड तिला हॅबरफिल्डला, आपल्या घरी जेवायला घेऊन गेला.

दोन्ही वस्त्या म्हणाल तर एकाच पोटच्या. शहराच्या गल्लीबोळांत माणसं गुदमरतात, पोरं खोकून मरतात, म्हणून कुणी भल्या माणसांनी कागदावर रस्ते काढले, झाडं काढली, दारूचा गुत्ता पुसून टाकला. पण हॅबरफिल्डचं स्वप्न विकायला होतं आणि डेसीव्हिलचं भाड्याने द्यायला. म्हणून डेसीव्हिलचे रस्ते असे वळतात की चालणारा घराघरासमोरून गेल्याशिवाय राहू नये. घरांच्या मागे हिरवळ, ती सगळ्यांची. छप्पर दोघांचं, गळलं तर दोघांकडे गळणार. हॅबरफिल्डला रस्ते सुतात आखलेले आणि प्रत्येक घर आपापल्या बागेत, चारी बाजूंनी मोकळं. एकासारखं दुसरं नाही. कुणाच्या छपराच्या कण्यावर भाजल्या मातीचा नाग, कुणाच्या कळसावर गोळा, कुणाच्या खिडकीत रंगीत काचेचा पक्षी. क्लिफर्डच्या खिडकीत लाल फुलं होती. दुपारचं ऊन त्यांतून आत आलं की लाकडी जमिनीवर शेंदूर सांडल्यासारखा दिसायचा.

"सुंदर आहे रे घर," मेव्हिस म्हणाली. मनापासून म्हणाली. भाड्याच्या अर्ध्या छपराखाली वाढलेल्या पोराने आख्खं छप्पर मिळवलं होतं.

"आमच्यासारखं छप्पर या रस्त्यावर दुसरं नाही," क्लिफर्ड म्हणाला.

"आणि आमच्यासारखे टोमॅटो पण नाहीत," कोन्चेत्ता रश्श्याचं भांडं ठेवत म्हणाली. तिच्या आईवडिलांनी येताना नेपल्सहून बिया आणल्या होत्या. "पुढच्या अंगणात लावले म्हणून शेजारीण नाक मुरडते. अहो आई, वाढू ना? हे काय, चिमणीएवढं!"

"शेजारीण कोण गं?"

"ती मॅकॉर्मिकबाई. माणसं चांगली आहेत हो. नाताळला हात करतात."

जेवण झाल्यावर कोन्चेत्ताने तिला खोली दाखवली. पिवळे पडदे, उशीवर नवा अभ्रा, कोपऱ्यात शेकायची चूल, तीवर हिरव्या टाइलांची नक्षी. मेव्हिस बराच वेळ त्या चुलीपुढे उभी राहिली. मग वाकून तिने बोटांच्या पेरांनी आतल्या विटेवर दोनदा वाजवलं.

"या भिंतीमागे काय गं?"

"काही नाही. बागेतली वाट. पाण्याची नळी ठेवते मी तिथे." कोन्चेत्ता हळू आवाजात म्हणाली, "आई, कुणी हवं होतं का?"

मेव्हिसने मान हलवली. आवाज धुराड्यातून वर गेला होता आणि आभाळात विरून गेला होता. सून गुणी होती. पडद्यांची शिवण सरळ होती. पण चारी बाजूंनी मोकळ्या घराची चारही बाजूंनी भीती वाटते, हे त्या पोरीला कसं सांगायचं?

पुढच्या आठवड्यात डल्सीच्या घरी माणसं आली. गवत कापलं, खोल्या झाडल्या, नव्या भाडेकरूसाठी भिंती खरवडायला घेतल्या. संध्याकाळी त्यांच्यातला एक रंगारी मेव्हिसच्या कुंपणाशी आला.

"मावशी, तुमच्या धुराड्यात पॉसम होता हो. घरटं करून बसलेला लेकाचा. काढला बाहेर. आता शांत झोपा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हिसने दोन ठोके दिले. भिंत गप्प. तिने पुन्हा दिले. कान विटेला लावून बसली. काजळी गालाला लागली. त्याच्या पुढच्या सकाळीही काही नाही, आणि त्याच्याही पुढच्या.

तिने क्लिफर्डला निरोप धाडला, "ट्रक घेऊन ये."

तो आला तेव्हा ती कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती. तो म्हणाला, "तरी सांगत होतो, पॉसमच असणार." पण त्याच्या बोलण्यात जिंकल्याचा आवाज नव्हता. आईला एवढी शांत त्याने फक्त एकदाच पाहिली होती, वडील गेले तेव्हा. गाद्या, खुर्च्या, शिवणाचं यंत्र, सगळं ट्रकवर गेलं. घराची किल्ली त्याने खिशात टाकली. दुपारी ती परत द्यायची होती.

"झालं, आई?"

"डल्सीला सांगून येते."

तो ट्रकवरचा दोर ओढायला वळला.

पलीकडचं दार उघडंच होतं. रंगारी पायरीवर बसून पाव खात होता. "या, मावशी. भिंतींना टेकू नका, ओल्या आहेत," म्हणाला आणि सरकून वाट दिली.

आत गेल्यावर सवयीने तिचा हात डावीकडे नळाकडे गेला आणि भिंतीवर आपटला. सगळं उलटं. खिडकी उलटी, ऊन उलटं. तिचंच घर, पण मागून पाहिलेलं, मेलेल्या माणसाला आपलं घर दिसत असेल तसं. चुलीच्या कडेला विटेत एक खाच होती, तिच्या घरात होती तशीच, फक्त उजवीकडे. आणि चुलीच्या आत, मधोमध, एक वीट झिजून वाटीसारखी खोल झाली होती.

मेव्हिस खाली बसली. गुडघे कुरकुरले. त्या वाटीत तिने बोट फिरवलं. इतकी वर्षं तिने ही भिंत एकाच बाजूने ऐकली होती. आज डल्सीच्या जागेवर बसल्यावर तिला वाटलं, आता भूत कोण? मीच की. माझ्या घरात आता कुणी नाही. पोरगा ट्रकला दोर बांधत असेल. उद्या तिथे दुसरी बाई येईल, तिला काय ठाऊक.

रंगाऱ्याचा एक जुना खिळा पडला होता. तो उचलून तिने त्या वाटीत दोनदा वाजवलं. उत्तरासाठी नव्हे. जाताना उंबऱ्याला हात लावावा, तसं.

वारा पडला होता. बाहेर रंगाऱ्याचं चावणंही ऐकू येत होतं.

ठक, ठक.

तिच्या घरातून. तिच्या चुलीतून. आणि एक श्वास जाईल एवढं थांबून, आणखी एक.

मेव्हिस बराच वेळ उठली नाही. उठली तेव्हा खिळा तिने मुठीतच ठेवला. रंगारी म्हणाला, "मावशी, बरं वाटतंय ना? पाणी देऊ?" ती नुसती त्याच्या खांद्याला हात लावून पायरी उतरली. हिरवळीवरून चालत आपल्या दारात आली.

ट्रकवरचे दोर अर्धवट बांधून लोंबत होते. स्वयंपाकघरात क्लिफर्ड तिच्याकडे पाठ करून नळाशी उभा होता. किटली भरत होता. फरशीवर वर्तमानपत्र टराटरा फाडलेलं, त्यात गुंडाळलेली सळई बाहेर काढून चुलीपुढे टाकलेली. त्याच्या पांढऱ्या बाहीवर कोपरापर्यंत काजळी होती.

"कोन्चेत्ताला काय सांगायचं ते तूच सांग," तो मागे न वळता म्हणाला. "पडदे शिवलेत तिने."

"सांगीन. रविवारी येत जाईन म्हणावं. पडदे पाहायला."

"आणि मी रोज सकाळी येणार. कामावर जाताना. तेव्हा नको म्हणू नकोस."

"नाही म्हणत."

त्याने खिशातली किल्ली काढून दारामागच्या खिळ्यावर अडकवली. नळ बंद केला. मग लहानपणी सूप पिऊन झाल्यावर उभा राहायचा तसा ओशाळून उभा राहिला.

"शब्द म्हणजे शब्द," तो म्हणाला. "उत्तर आलं, म्हणजे आलं. कुणी दिलं ते कशाला विचारायचं." मग बाहीवरची काजळी झटकत म्हणाला, "पण मी दोनच दिले हं. तो शेवटचा एक तुझा आणि डल्सीमावशीचा. तो देणं मला बरं नाही वाटलं."

मेव्हिसने मनात पुन्हा मोजलं, तीन. भिंतीकडे पाहिलं. पलीकडे रंगारी शीळ घालत ब्रश धुवायला मागल्या अंगणात गेल्याचं ऐकू आलं. मग त्या उलट्या घरात काहीच उरलं नाही.

"चहा टाक," ती म्हणाली.

तिने वाकून सळई उचलली, ॲप्रनच्या टोकाने पुसली आणि विटेतल्या खाचेत टेकवली, मूठ बाहेरच्या बाजूला, सकाळी अंधारातही हाताला लागेल अशी.