रस्त्याकडची हिरवी दादर

पाहुणे येणार म्हटले की फाटकी गोधडी आत आणि ठेवणीतली चादर बाहेर, हे आपल्यापैकी कोणाच्या घरी होत नाही? होतंच. त्यात कोणाचं वाईटही होत नाही. पण रुपचंद पाटलाने हीच चाल शेतात खेळली, आणि तिथे वाईट झालं. कोणाचं झालं, ते सांगते.

गाव पारोळ्याकडचं. जमीन काळी, पण विहीर मोजक्या घरांकडे. बाकी सगळे आभाळाकडे बघणारे. पूर्वी त्या जमिनीत दादर व्हायची, आपली खानदेशातली रब्बीची ज्वारी. घरात भाकर, दावणीला कडबा. आता पाऊस लवकर आटोपतो आणि जुनं बियाणं दाणा भरायच्या आत वाळून जातं. मग सगळे कपाशीच्या मागे लागले आणि भाकरीचं पीठ दुकानातून पिशवीत आणू लागले. म्हणवायचं शेतकरी आणि पीठ आणायचं विकत! मला तर लिहितानाही लाज वाटते.

एका संशोधन केंद्राने कमी ओलीवर येणारी दादर तयार केली होती. ती या मातीत तग धरते का, हे बघायला हेमांगीताई नावाची शास्त्रज्ञ मुलगी गावात आली. रुपचंदने शेत दिलं. आतल्या अंगाला नवं बियाणं पेरलं, रस्त्याच्या अंगाला गावाचं जुनं. खत दोघांना सारखं, पाणी कोणालाच नाही. नवी टिकली तर पुढच्या पेरणीला विहीर नसलेल्यांना बियाणं मिळायचं होतं. सगळ्यांत जास्त वाट बघत होता सुपडू. त्याचा कोरडवाहू तुकडा आणि एक म्हैस. घरचा कडबा झाला नाही तर म्हैस राहत नाही, हे तो येताजाता सांगायचा.

थंडीत रस्त्याकडची जुनी दादर पिवळी पडली. हेमांगीताई म्हणायची, पडू द्या, तेच तर बघायचंय. पण रस्त्याने जाणारे गप्प बसतील ते आपले लोक कसले? विचारायचे, काय रुपचंदभाऊ, औंदा दादर पेरली की केरसुण्या? त्यात त्याच्या मुलीला, पूनमला, बघायला धुळ्याचे पाहुणे येणार होते. आपल्याकडे मुलीच्या आधी बापाचं शेत बघतात. रुपचंदला अन्न गोड लागेना. शेवटी हेमांगीताई केंद्रावर गेलेली असताना त्याने काही दिवस पहाटे आपल्या विहिरीवरची मोटार चालू केली आणि फक्त रस्त्याच्या अंगाला पाणी सोडलं.

दादर तरारली. पाहुणे आले ते गाडीच्या काळ्या काचा वर करून. शेताकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. चहा घेतला, मुलाला शहरातली मुलगी हवी आहे म्हणाले आणि गेले.

काढणी झाली. हेमांगीताईने दोन्हीकडची कणसं वेगवेगळी मळून घेतली, दाणे तोलले, कडबा तोलला. सारखंच भरलं. उलट जुनीच काकणभर सरस. पोरीचा चेहरा उतरला. खळ्यावर जमलेल्यांना तिने सांगितलं, की या शिवारात नवीचा फायदा दिसत नाही, बियाणं दुसरीकडे पाठवावं लागेल. सुपडूने विचारलं, थोडं तरी? ती म्हणाली, जे तुमच्याकडे चालत नाही ते तुमच्या गळ्यात कसं मारू, काका?

रुपचंद तिथेच होता. पायाने माती उकरत उभा राहिला.

सुपडूने तो उन्हाळा उसन्या कडब्यावर काढला असता, पुढच्या साली घरचा होईल या आशेवर. आशाच गेली. त्याने म्हैस बाजारात नेऊन विकली.

रुपचंदची थोरली बहीण कुंदाअक्का, नवरा गेल्यापासून माहेरीच. ती शेतात पडलेली कणसं वेचायला गेली. काळी जमीन तहानली की भेगा देते. नवीच्या अंगाला हात जाईल एवढ्या भेगा होत्या. रस्त्याच्या अंगाला जमीन मिटलेली होती. अक्का तशीच घरी आली. रुपचंद जेवत होता.

“रस्ताकडनी दादरले पानी कोनी दिधं?”

त्याने घास चावला. “पाव्हना येनार व्हतात, अक्का. लोके हासेत.” आणि मग जरा जोर करून, “शेत मनं शे. मना शेतले मी पानी दिधं.”

अक्का म्हणाली, शेत तुझं. पण ती दादर तू गावाच्या कामाला दिली होतीस. वाळायचं हेच तिचं काम होतं. ती वाळली असती तर नवी किती तग धरते ते कळलं असतं. तुझ्याकडे विहीर आहे, तुझं हसं झाकायला पाणी आहे. ज्याच्याकडे नाही त्याचं काय झालं ते बघ जाऊन.

“तुनी लाज वाचनी,” ती म्हणाली. “सुपडूनं दावं रिकामं झायं.”

रुपचंदने ताट सारलं. त्याने आतापर्यंत फक्त रस्त्यावरच्या माणसांचा विचार केला होता. आता तो सुपडूच्या दारात गेला. गोठा झाडून ठेवला होता. सगळं सांगितलं. सुपडू ओरडला नाही.

“भाऊ, तू मना घर चोरी करतास तं मी पोलीसकडे जातू,” तो म्हणाला. “आते कोठे जाऊ?”

त्याच दुपारी रुपचंदने हेमांगीताईला फोन केला आणि काहीही न लपवता सांगितलं. ती म्हणाली, काका, तुमच्या एका शेतावरून मी सगळ्या शिवाराला नाही म्हणाले होते. हे वजन आता रद्द. पुन्हा पेरावं लागेल, आणि तोवर बियाणं देता येणार नाही.

पुढच्या रब्बीत रुपचंदने पुन्हा शेत दिलं. रस्त्याकडची दादर वाळून काड्या झाली. हसणारे हसलेच. या वेळी तो रस्त्यावर उभा राहून त्यांना सांगायचा, वाळली, मी वाळू दिली, आता आत येऊन नवी बघा. आत कणसं भरली होती. वजनात नवी उजवी ठरली आणि गावाला बियाणं मिळालं.

सुपडूला नाही मिळालं. तो तुकडा बटाईने देऊन बायकोसह सुरतेला निघून गेला होता. रुपचंदने फोन करून त्याला बोलावलं. तो म्हणाला, म्हैस आणून देतोस का?

म्हणून सांगते, भावांनो आणि बायांनो. प्रयोगाच्या शेतात वाळलेलं पीक ही बेअब्रू नाही. ते मातीने दिलेलं खरं उत्तर आहे, आणि ज्याच्याकडे विहीर नाही त्याचा त्या उत्तरावर पहिला हक्क आहे. आपली मान ताठ ठेवायला ते झाकाल, तर आपल्या ताटातलं काही कमी होत नाही. शेजाऱ्याच्या ताटातलं जातं. रुपचंद सुधारला, हे खरं. पण माणूस सुधारला म्हणून गेलेलं साल परत येत नाही. तेव्हा सुधारायचंच असेल तर मोटारीचं बटण दाबायच्या आधी सुधारा.