दुसऱ्या फोनवरचा ठिपका

ऑफिसात तिला सगळे सोयरीकबाई म्हणत. फोन बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांचं एकमेकींशी उभं वैर होतं. एकीच्या फोनवर झकास चालणारं अ‍ॅपचं पान दुसरीच्या फोनवर हातपाय गाळायचं. बटणं सरकायची, अक्षरं एकमेकांवर चढायची. एकच पान दोन्ही घरी सुखानं नांदावं, एवढं बघणं तिचं काम होतं आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

वृद्धाश्रमाचं काम तिनं स्वतःहून मागून घेतलं, कारण तिची आत्या तिथंच राहत होती. आई गेल्यावर या आत्यानंच तिला लहानाचं मोठं केलं होतं. आता आत्या अंथरुणाला खिळलेली. आश्रमातल्या प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा असे. छतातली यंत्रं त्याचा संकेत टिपत आणि फोनवरच्या नकाशात ते माणूस हिरव्या ठिपक्यासारखं दिसे. कोण कुठं आहे, कोण वाटेत थांबून राहिलंय, हे सिस्टरना बसल्या जागी कळे.

एका दुपारी सिस्टरनी तिला बोलावलं आणि दोन कंपन्यांचे दोन फोन शेजारी शेजारी ठेवले.

"हे बघा. या फोनवर तुमच्या आत्या पलंगावर आहेत आणि या फोनवर जिन्यात."

"बाकीच्यांचं?"

"बाकीचे दोन्हीकडे जिथल्या तिथं. एकट्या आत्यांचंच असं होतंय."

"उठून गेली असेल जरा."

"अहो, त्यांना नुसती कूस बदलायला आम्ही दोघी लागतो."

ती खोलीत गेली. आत्या पलंगावरच होती, डोळे मिटून. चादर नीट करताना तिचा हात आत्याच्या पायांच्या तळव्यांना लागला. तळवे बर्फासारखे गार होते. आणि त्यांवर धूळ होती, अनवाणी चालून आल्यावर असते तशी.

"आत्या, कुठं गेली होतीस?"

"खाली उतरत होते," आत्या डोळे न उघडता म्हणाली. "पायऱ्या फार गार आहेत गं."

तिनं ओल्या फडक्यानं तळवे पुसले. मग जेवणाच्या रिकाम्या हॉलमध्ये लॅपटॉप उघडून बसली. गडबड सापडायला फार वेळ लागला नाही. आत्याच्या पट्ट्याचा संकेत दोनदा येत होता, एकदा पलंगावरून आणि पाठोपाठ जिन्यावरून. पहिल्या कंपनीचा फोन दुसरा संकेत दुबार समजून टाकून देई. दुसऱ्या कंपनीचा फोन जो शेवटी येईल तोच खरा मानी. दोन्ही फोन आपापल्या जागी बरोबर होते. पट्टा मात्र एकच होता.

दुसरा फोन हातात घेऊन ती जिन्याकडे गेली. ठिपका मधल्या वळणावर होता. ती नेमकी तिथं जाऊन उभी राहिली. जिन्यात कुणी नव्हतं, पण आत्याच्या गुडघ्यांना चोळायच्या मलमाचा वास दाटून होता. ठिपका क्षणभर तिच्याच जागी थांबला, मग तिला वळसा घालून खालच्या पायरीवर गेला.

तिनं साहेबांना फोन केला. साहेब घाईत होते. "कारणं नकोत मला. दोन्हीकडे सारखं दिसू दे, बस."

तिनं एक ओळ लिहिली. दुसरा संकेत आला तर कुठल्याही फोननं तो टाकून द्यायचा. दोन्ही ठिपके पलंगावर आले. तिला बरं वाटलं. तिला तेच हवं होतं.

त्यानंतर आत्याची तगमग सुरू झाली. ती हातानं भिंत चाचपे, कण्हे, पाणीसुद्धा घेईना. "दार कुणी लावलं?" एवढंच विचारत राही. डॉक्टर म्हणाले, "शरीर पार थकलंय त्यांचं. कशाच्या जोरावर तग धरलाय, देव जाणे."

ते ऐकून तिला आपण लिहिलेली ओळ आठवली. डॉक्टर गेल्यावर ती पलंगाच्या कडेला बसली.

"आत्या, तुला कुठं जायचं असतं?"

"फाटकापर्यंत. आणि मग बाहेर." आत्या पहिल्यांदाच नीट तिच्याकडे बघत होती. "जवळ आले होते गं मी. जिन्यातच दार लागलं."

"मग मी कुणाकडे येऊ?"

"येशील कुणाकडे तरी. एवढी मोठी झालीस." आत्यानं तिच्या गालाला हात लावला. "सोड बाई आता."

तिनं तिथंच लॅपटॉप मांडीवर घेतला. डोळ्यांतल्या पाण्यानं पडदा धूसर दिसत होता. तिनं ती ओळ खोडली आणि दुसरी लिहिली. शेवटी येणारा संकेत खरा मानायचा, दोन्ही फोनांवर.

थोड्या वेळानं सिस्टर दारात आल्या. "अहो, आता दोन्हीकडे चुकीचं दिसतंय."

"सारखं दिसतंय," ती म्हणाली.

सिस्टरनी पलंगाकडे पाहिलं. आत्या शांत झाली होती. त्यांनी दोन्ही फोन खिशात टाकले आणि दार उघडंच ठेवून गेल्या.

एका हातात आत्याचा हात आणि दुसऱ्या हातात स्वतःचा फोन धरून ती बसली. ठिपका जिना उतरला, स्वयंपाकघरावरून अंगणात आला आणि फाटकाशी थांबला. आत्याची बोटं तिच्या बोटांवर एकदा घट्ट आवळली. मग ठिपका नकाशाबाहेर गेला आणि हातातला हात सैल पडला. खिडकीबाहेर फाटक हललं. वारा नव्हता.

ती खूप रडली. पण रडताना आपण आत्याला अडवून ठेवलं होतं हा सल तेवढा उरला नव्हता.

काही दिवसांनी ती आत्याचे कपडे न्यायला आली. शेजारच्या खोलीतले म्हातारे शिंपीकाका वाट बघत बसलेलेच होते.

"तुझी आत्या सांगायची मला सगळं," ते हलक्या आवाजात म्हणाले. "मी कुठं आहे, बघ की जरा."

तिनं सिस्टरकडून दोन्ही फोन आणून पाहिलं. "दोन्हीकडे खुर्चीतच आहात, काका."

"नक्की?"

"नक्की."

काकांनी मोठा सुस्कारा सोडला. तो आनंदाचा की निराशेचा, तिला कळलं नाही. "मग चहा सांग," ते म्हणाले, "आणि साखर जरा सढळ हातानं घालायला सांग."

ती चहा सांगायला गेली. जाताना तिनं आपला स्वतःचा हात उलटसुलट करून पाहिला, मनगटावर काही नव्हतं, आणि जिना उतरताना ती कठड्याला धरून, कुणाला वाट मोकळी राहील अशी एका बाजूनं उतरली.