गड्ड्याची तीन नावं

जिपाराने टोपली उपडी करून झटकली, पण टरफलांखेरीज काही पडलं नाही.

"एने, पांढरदात संपलेत!"

"पांढरदात तुझ्या जावेचे," गाजरं चिरता चिरता तिची सासू उलकान म्हणाली. "मी झोंबरे म्हणते. तू तुझा शब्द शोध बाई. दुसरीचा उष्टा कशाला?"

त्या घरात लसणाला लसूण म्हणायची सोय नव्हती. सासऱ्यांचं नावच सारिमसाक, म्हणजे लसूण. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईने दृष्ट लागू नये असं नाव ठेवलं, आणि ते पिकल्या दाढीपर्यंत टिकलं. सुनांनी सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, बायकोने नवऱ्याचं नाही, मुलं तर 'अता', म्हणजे बाबाच, म्हणणार. म्हणून उझगेन गावातल्या त्या घरात आलेली प्रत्येक सून लसणाला आपापलं नाव देई. नावं कितीही, पुलावात पडे तो गड्डा तोच.

अंगणात जर्दाळूखालच्या लाकडी बैठकीवर म्हातारा डोंगराकडे तोंड करून बसला होता. थंडी सरता सरता त्याचा बालमित्र तोकतोसून गेला, आणि मागोमाग याचे कान गेले.

"अहो, चहा!" उलकानने हाक दिली.

काही नाही.

"अता!" मुलगा एर्गेश अगदी कानाशी जाऊन ओरडला. तरी नाही. तो हात झटकत परत आला. "ओश शहरात नेतो यांना. कानात घालायचं यंत्र आणू."

"आण. माझं अर्धं बोलणं त्यांनी तरणेपणीही ऐकलं नाही, ते यंत्राला तरी ऐकू येऊ दे."

तेवढ्यात गल्लीत भाजीची गाडी आली. "कांदे! बटाटे! सारिमसाक!"

म्हाताऱ्याची मान झटकन फाटकाकडे वळली. त्याने डोक्यावरची टोपी सारखी केली, उठायला गुडघ्यावर हात टेकला. मग फाटकाशी गाढव दिसलं. हात पुन्हा मांडीवर आला.

जिपारा दारात सगळं बघत होती. तिने भाजीवाल्याला बोटाने गड्डे दाखवले, ओटीत घेतले आणि सासूपाशी येऊन बसली.

"एने, तोकतोसून अता यांना काय हाक मारायचे?"

"काय म्हणजे? नावाने. एका कुरणावर मेंढ्या राखलेली पोरं ती. मेला फाटकाबाहेरूनच बोंबलायचा. दचकून चहा सांडायचा माझा."

"आणि आता कोण मारतं?"

"आता कोण मारणार? थोरले भाऊ गेले, तो गेला..." उलकानची सुरी थांबली.

जिपारा गड्डे धूत राहिली. "आपण अता म्हणतो, अहो म्हणतो. अर्थ तोच ना?"

"अर्थ घेऊन काय करायचंय? आपल्या घोड्याला 'ए जनावर' म्हणून बघ, येतो का."

"मग मी..."

"तू नाव घेतलंस तर जीभ हासडीन."

भात शिजला, वर अख्खे गड्डे मऊ झाले. पुलाव ताटात निघाला तशी उलकानने हात पुसले, रुमाल घट्ट बांधला आणि दारात येऊन गल्लीत डावी-उजवीकडे पाहून घेतलं.

"एर्गेश, पाणी आण."

"भरलेलं आहे की."

"ओत आणि पुन्हा आण. आणि जिपारा, तू कढईत बघ."

जिपारा रिकाम्या कढईत बघत बसली.

"सारिमसाक!" हाक भलतीच बारीक निघाली, लग्नातल्या पोरीसारखी. "जेवायला या!"

म्हातारा हळूहळू वळला. दाढीच्या वर गाल लाल झाले होते.

"काय म्हणालीस?"

"जेवायला या म्हटलं."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी काही नाही. बहिरे तर बहिरे, वर आणि भास."

"असेल," म्हातारा चपला शोधत म्हणाला. "पण पुन्हा एकदा सांग. नीट ऐकू आलं नाही."