नाटकाचे कपडे

आईचं काम मी लहानपणी नेहमी खालून पाहिलं. लाकडी चौकटीवर कापड उलटं ताणायचं. मणी ओवलेला दोरा कापडाखाली डाव्या हातात धरायचा आणि उजव्या हातातल्या आरीने, म्हणजे टोकाला बारीक आकडा असलेल्या सुईने, तो वरून टोचून ओढून घ्यायचा. दर टाक्याला एक मणी खाली घट्ट बसतो. भरणारीला दिसते फक्त टाक्यांची साखळी. नक्षी असते जमिनीकडे तोंड करून. म्हणून मी चौकटीखाली उताणी पडलेली असायचे. "खालून बघ गं, मान सरळ आलीय का हंसाची?" आई विचारायची, आणि मणी सुटला असेल तिथे मी बोटाने टकटक करायचे. मी नोकरीला लागल्यावर तिने माझ्या जागी एक आरसा ठेवला. आरसा बरा, निदान उलट उत्तर देत नाही, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

काम आणून द्यायची ती मावशी. नात्याची नव्हे, पण आईच्या घरात तिला दुसरं नाव नव्हतं. हे कपडे एका मोठ्या नाटक कंपनीचे, तिनेच सांगितलं होतं. परगावी प्रयोग, राण्या, सरदार, पऱ्या. आईला ते फार पटलं होतं. चष्म्याची तुटलेली काडी दोऱ्याने बांधून ती वाकलेली असायची आणि म्हणायची, "ही राणी शेवटच्या अंकात मरणार बघ. एवढे मणी जिवंत माणसाला पेलायचे नाहीत." वर्तमानपत्रात नाटकाचा फोटो आला की भिंगातून झगे तपासायची. आपला एकदाही सापडला नाही, याचं तिला नवल वाटायचं. जगात किती नाटकं चालत असतील, असं म्हणून पुन्हा कामाला लागायची.

शेवटच्या आजारात तिने कलप लावणं सोडलं, डोक्याला रुमाल बांधणंही सोडलं. कापडात केस सापडला म्हणून मावशीने एकदा तिला चांगलंच झापलं होतं, तेव्हापासून तो रुमाल होता. आता तो गळ्याशी टोचतो म्हणाली. काम मात्र सोडलं नाही. ती गेली तेव्हा चौकटीवर एक बगळा होता. एक पंख पुरा, दुसऱ्याची तीन पिसं भरलेली, आणि चौथ्या पिसात आरी तशीच खोचलेली. मावशी आली, मनापासून रडली आणि डोळे पुसत म्हणाली की तेवढं कापड दे बाई, ते लोक थांबायचे नाहीत. मीच ते चौकटीवरून उसवलं, गुंडाळून तिच्या हातात दिलं.

त्याला दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा आमच्या संस्थेकडे एका कंपनीच्या तपासणीचं काम आलं. कंपन्या माणसांशी आणि समाजाशी कशा वागतात हे आम्ही तपासतो आणि त्यावर त्यांची प्रत ठरते. ही कंपनी उंची कपड्यांची. तिचा मुख्य दावा असा की प्रत्येक मणी तिच्याच छताखाली, पगारी कारागीर बायका लावतात. बाहेर, कोणाच्या घरी, एकही टाका पडत नाही. ही गोष्ट खरी ठरली तर वरची प्रत नक्की होती. मी आणि आमचे सर गेलो. सर निवृत्तीला आलेले, गुडघ्यांनी आधीच निवृत्ती घेतलेली. खालच्या दालनात मखमली खुर्च्या पाहून ते माझ्या कानाशी म्हणाले की इथे खुर्च्यासुद्धा आपल्यापेक्षा बरे कपडे घालून बसल्यात.

कंपनीच्या सामाजिक जबाबदारी विभागाच्या प्रमुख बाई आम्हाला वर घेऊन गेल्या. बाई मऊ बोलणाऱ्या, आमच्या प्रत्येक प्रश्नाला मान डोलवणाऱ्या. खोली मोठी, उत्तरेकडून सारखा उजेड, चौकटींच्या दोन रांगा, पांढऱ्या डगल्यातल्या बायका. डोळ्यांची तपासणी, पाठीला आधार, ठरलेली सुट्टी, सगळं बाईंनी सांगितलं. सर लिहून घेत होते. मला काहीतरी खुपत होतं आणि कळायला वेळ लागला. चौकटींवर कापड सुलटं होतं. मणी वर चमकत होते आणि बायका त्या मण्यांवरच आरी हलवत बसल्या होत्या. वरून टाका घातला असता तर मण्यांवर दोऱ्याची साखळी उमटली असती. एकीचीही आरी कापडात शिरत नव्हती. मी स्वतःला समजावलं, पद्धती निरनिराळ्या असतात.

मग खिडकीजवळची चौकट पाहिली. तिच्यामागे कोणी बसलेलं नव्हतं. तिच्यावर बगळा होता. एक पंख पुरा, दुसऱ्याची तीन पिसं, चौथं अर्धं.

एकच नक्षी दहा जणींना देत असतील, असं मनाला सांगत मी विचारलं, हे कोणाचं काम?

"आमच्या सर्वांत ज्येष्ठ कारागीर आहेत," बाई म्हणाल्या. "सध्या रजेवर आहेत."

"कधी येणार?"

"पुढच्या आठवड्यात."

मी पर्स खाली ठेवली आणि चक्क त्या फरशीवर, ऑफिसच्या कपड्यांत, चौकटीखाली उताणी झोपले. सरांनी हाक मारली ती ऐकू आली. बाईंचे बूट दोन पावलं मागे सरकले. लहानपणापासून मी खालून नक्षीच पाहिलेली. आज कापड सुलटं होतं, त्यामुळे माझ्या डोळ्यांवर मागची बाजू आली. पिवळट दोऱ्याची साखळी, एकाला एक लागून, कुठे आकार नाही, रंग नाही. आई जे रोज बघत होती ते हे. तिसऱ्या पिसाच्या कडेला साखळीच्या दोन कड्यांत एक केस अडकला होता. लांब, मुळाकडे पांढरा, टोकाकडे कलपाचा काळा.

तिच्या डोक्याचा एक केस शिल्लक आहे आणि तो रजेवर आहे, असलं काहीतरी माझ्या मनात आलं.

बाईही वाकल्या. त्यांनाही दिसला. "अरे, केस अडकलाय," त्या अगदी सहज म्हणाल्या आणि चिमटा मागवला.

"राहू द्या," मी म्हटलं. माझा आवाज बराच मोठा निघाला असावा, कारण खोलीतल्या सगळ्या आऱ्या थांबल्या.

मी बाहेर जिन्यात जाऊन मावशीला फोन लावला. बगळ्याचं कापड कुठे दिलंस, एवढंच विचारलं. तिने आधी माझी तब्येत विचारली, मग जेवलीस का विचारलं. शेवटी तिने याच कंपनीचं नाव घेतलं. पहिल्यापासून इथेच, मध्ये आणखी दोघांचे हात, पण इथेच.

"आणि नाटक?" मी विचारलं.

"मलाही नाटकच सांगितलं होतं गं त्यांनी, पहिली काही वर्षं."

"नंतर तर कळलं ना तुला. तिला का नाही सांगितलंस?"

पलीकडे नळ चालू होता, तो तिने बंद केला. "नंतर तिला ते नाटक आवडायला लागलं होतं," मावशी म्हणाली. "त्या राणीचं पुढे काय झालं, मलाच विचारायची. काय सांगणार होते मी?"

मी परत आले तेव्हा बाई बायकांना चहाला पाठवत होत्या. एक उंचशी बाई मागे रेंगाळली होती. मी तिला विचारलं, तुम्ही हे किती दिवस करता? तिने आधी प्रमुख बाईंकडे पाहिलं, मग डगल्याची बटणं काढायला लागली. "आम्ही खाली दुकानात असतो, ताई. गिऱ्हाइकं बघतो. तपासणी असली की वर बोलावतात." डगला घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि गेली. बाई म्हणाल्या की ही नवीन आहे, तिला नीट माहिती नाही. तेही त्या मऊ आवाजातच म्हणाल्या.

मी सरांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं. ते मला पुष्कळ वर्षं ओळखतात, आईच्या हातचा चहा प्यायलेले आहेत, आरशाचा विनोद त्यांनीही ऐकला होता.

"मग तू आता या तपासणीत राहू शकत नाहीस," ते म्हणाले. "घरच्या माणसाचा संबंध आला की तपासनीस बाहेर. हा नियम तूच नव्या पोरांना शिकवतेस."

खरं होतं. मी वरची प्रत देऊ नका म्हटलं असतं तर कंपनीने उद्या हेच दाखवलं असतं, की तपासनीस दुःखात होती, तिला सगळीकडे आई दिसत होती. आणि मी गप्प बसले असते तर आई पुढच्या आठवड्यात रजेवरून परत आली असती.

मी गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांच्या हातात दिलं. "तपासनीस म्हणून नको. हे काम करणारीची मुलगी म्हणून माझं म्हणणं लिहून घ्या. आणि मी सांगते म्हणून काही मानू नका. तुम्ही स्वतः बघा."

बाई काही बोलणार होत्या, पण सर तोवर चौकटीचा पाय धरून खाली बसायला लागले होते. आधी एक गुडघा, मग दुसरा, मग हुश्श करून सबंध पाठ फरशीवर. खिशातलं पेन निसटून घरंगळलं. चौकटीखालून आता त्यांचे बूटच तेवढे बाहेर होते.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

मी चौकटीवर वाकले, आई वाकायची तशी. तिसऱ्या पिसाच्या कडेवर, मण्यांना धक्का न लावता, वरून बोटाने टकटक केलं.

"दिसला," खालून आवाज आला. मग कागद चाचपडल्याचा आवाज झाला आणि झोपल्या झोपल्याच त्यांनी मला आईचं पूर्ण नाव विचारलं.