ओढ्याकाठची महोगनी

रिंजानी ज्वालामुखीच्या उतारावरच्या वनशेतकरी गटाची इनाक सहनिम चिटणीस होती; तिकडे मोठ्या बाईला इनाक म्हणतात, पुरुषाला अमाक. गटात पन्नास घरं. नियम तिच्याच अक्षरात लिहिलेला होता: उभं झाड तोडेल त्यानं वर्षभर आपली वाटणीची जमीन सोडायची आणि पन्नास रोपं लावायची. सहा वर्षांत तो कुणालाच लागला नव्हता. झाडं मात्र तुटत होती.

गस्तीला पाच जणांनी जायचं, असं ठरलेलं. जायची दोघंच, ती आणि म्हातारे अध्यक्ष अमाक केदिम. एका मंगळवारी ओढ्याकाठी त्यांना महोगनीचा ताजा कापलेला बुंधा दिसला. वाटणी तिच्या धाकट्या भावाची, अमाक मुनावरची. त्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, सुनेसाठी खोली बांधायची होती.

"वाऱ्यानं पडलं असं लिही," केदिम म्हणाले. "लग्नघर आहे."

"वाऱ्याकडे करवत होती का?"

केदिम हसले.

संध्याकाळी तिनं भावाला गाठलं. "सभेत तूच सांग. तुझ्या तोंडून आलेलं बरं."

"सगळेच तोडतात, ताई. तुला मीच सापडलो?"

"बाकीच्यांचं कुणी मला दाखवत नाही. तुझं मी पाहिलं."

"मग पाहिलं नाही असं समज."

सभेला एरवी बारा-पंधरा डोकी जमायची. त्या दिवशी ओट्यावर जागा पुरेना. गस्तीची नोंद वाचताना तिनं भावाचं नाव घेतलं. तो उठून चालता झाला.

"सख्ख्या भावाला सोडलं नाही," मागून कुणीतरी म्हणालं, "आपली काय गत!" हशा पिकला. तो ओसरल्यावर कॉफीवाला अमाक सेनिप उभा राहिला. "माझी तोडलेली दोन आहेत. लिहून घे."

पुढच्या गस्तीला सात जण आले.

भावानं वाटणी सोडली, रोपंही लावली, पण बोलणं टाकलं, सभेला येणंही. लग्नात ती बायकांत बसून लसूण सोलत राहिली. भावजयीनं तिच्यापुढे ताट ठेवलं. भाऊ तिकडे फिरकला नाही.

उन्हाळ्यात केदिमांनी पद सोडलं. नव्या अध्यक्षासाठी तिचं नाव पुढे आलं. एकतीस हात वर झाले. मग विरोधातले मोजायची वेळ आली, तेव्हा पहिला हात अमाक मुनावरचा होता.

केदिम कानाशी लागले, "सख्खा भाऊ, आणि विरोधात?"

"विरोधात का होईना, आलाय ना," ती म्हणाली. "मोजा."